नमुन्याबरहुकूम टेबल

आमचे मालक सुतार हायत हे मी लग्नाच्या आधीच ऐकलं होतं. ते उस्तादबी हायत, इंजिनेरबी हायत अन् साऱ्या मुलखाचं डोकं देवानं त्यांच्या एकट्याच्या टाळक्यात भरलंय, हे लग्नानंतर कळलं. तेबी दुसऱ्या कुणी सांगितलं न्हाई, त्यांनीच सांगितलं. सकाळी चहासंगं सांगायचे, रात्री भाकरीसंगं सांगायचे. मी हूं हूं करायची. हूं म्हणायला बाईमाणसाचं काय जातंय?

गाव आमचं चाकूरच्या अलीकडं, लातूर-नांदेड रस्त्याला लागून. आमी पांचाळ. नांगर, वखर, गाडी, बाज, चौकट, हेच आमचं काम. पण दुष्काळात नांगर कोण करून घेतंय? बैलं छावणीला गेली, गाड्या दारात उताण्या पडल्या. त्याच टायमाला लातूरचा नवा जिल्हा झाला होता. पहिलं कशाबी कामाला उस्मानाबादला पळायचं, आता लातूरला पळायचं, एवढाच काय तो फरक. जिल्ह्यासंगं हापिसं आली, हापिसांसंगं साहेब आले, साहेबांसंगं शिपाई आले. पाणी तेवढं यायचं राहिलं.

मला त्या जिल्ह्याचं कौतुक नव्हतं अन् रागबी नव्हता. मला एकच भ्या होतं. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली हाय. हातावरची मेंदी निघाली नव्हती अन् हातात हातोडी आली. उन्हात बसायचं, दगड फोडायचा, संध्याकाळी मुकादमानं ढीग मोजताना पायानं तो पसरायचा अन् 'कमी हाय' म्हणायचं. एक कपची उडून डोळ्याच्या कडंला बसली, तिचा वण बगा अजून हाय. तवाच मी माहूरच्या आईला हात जोडून म्हणलं, माय रेणुके, काय बी कर पण पुन्यांदा खडीवर बसवू नको.

आता पुन्हा रस्त्याचं काम निघालं होतं. शेजारची साखराबाई रोज सकाळी टोपलं घेऊन जाताना माझ्या दारात थांबायची.

"येती का गं सरजा? नाव लावते तुझं."

"मला कशाला? मपला नवरा कारीगर हाय," मी म्हणायची. ती गेली की मात्र मी ज्वारीच्या डब्यात हात घालून बघायची. कारीगर हाय खरा, पण घरात ज्वारी किती राहिली ते मलाच ठाऊक होतं.

अशात ह्यांनी मशीन आणली. नांदेडच्या एका लाकडाच्या वखारीनं नवी घेतली अन् जुनी काढून टाकली, ती आमच्या उस्तादांनी टेंपोत घालून घरी आणली. लोखंडी टेबल, खाली मोटर, अन् टेबलाच्या फटीतून गोल करवत वर आलेलं. बटण दाबलं की असं किंचाळायचं, की साखराबाईच्या कोंबड्या अंडी द्यायच्या बंद झाल्या. करवताच्या बाजूला एक लांब सरळ पट्टी असते, तिला गाइड म्हणतात. फळीची कड त्या गाइडला लावून पुढं ढकलत न्यायची, म्हणजे फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी रुंद निघते. गाइड हलली की सत्यानाश! म्हणून ती दोन्हीकडून टेबलाला आवळून धरायला लोखंडी शिकंजे लागतात. अन् शिकंजे त्या वखारवाल्यानं काढून घेतले होते.

"मग बाजारातून आणा की," मी म्हणलं.

"सरजे, लोखंडाचं एवढंसं नाक, त्याच्यात एक स्क्रू. ते आणायला नांदेडच्या दुकानदाराच्या पाया पडू? मपल्या डोक्याला गंज चढलाय का?"

डोक्याला गंज चढायला डोक्यात लोखंड तरी पायजे. पण मी हूं म्हणलं.

मग सुरू झाली तरकीब. दारातली मोडकी बैलगाडी फोडली, तिचं बाभळीचं लाकूड काढलं. त्याचे दोन ठोकळे केले अन् कुत्र्यानं आ करावा तशी एकेकाला खाच पाडली. मशीनच्या टेबलाची कड अन् तिच्यावरची गाइड, दोन्ही त्या खाचेत घालायच्या अन् उरलेल्या फटीत बाभळीचीच पाचर ठोकायची. झाला शिकंजा. न स्क्रू, न लोखंड. गावातली निम्मी माणसं बघायला आली. बाकी काम तरी कुणाला होतं? आमचे मालक पाचर ठोकायचे, काढायचे, पुन्हा ठोकायचे अन् म्हणायचे, "ही मपली सोताची अक्कल. जर्मनीत बी न्हाई असला शिकंजा." जर्मनीला तो नसल्याचं लई दुःख झालं असंल.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाचर खाली पडली. उन्हानं लाकूड आकसलं होतं. दुसरा कुणी असता तर गप जाऊन लोखंडाचा शिकंजा आणला असता. पण ह्यांना बापाची, म्हंजे मपल्या सासऱ्यांची, आठवण आली. आपल्याकडं गाडीच्या चाकाची लोखंडी धाव ढिली झाली की चाकाला पाणी पाजतात. लाकूड पाणी पिऊन फुगतं अन् धाव चाकाला गच्च बसती. सासऱ्यांनी जलमभर तेच केलं.

"पाचरीला पाणी पाजायचं," हे म्हणले. "सकाळी एक तांब्या, दुपारी एक तांब्या. बघ कशी दातखीळ बसल्यावानी बसती."

पाणी म्हणे! टँकर यायचा तवा यायचा. आला की बाया एकमेकींच्या अंगावर पडायच्या. मी कोपरं मारून, शिव्या खाऊन, शिव्या देऊन दोन घागरी आणायची. त्यातला तांब्या हा बहाद्दर लाकडाला पाजायचा. वर पाचरीवरून हात फिरवायचा. तसा हात मपल्या पाठीवरून कवा फिरला न्हाई.

"ओ, लाज हाय का न्हाई? गावात माणसाला प्यायला न्हाई अन् तुमी पाचरीला पाजून राहिलेत."

"पाचर प्याली तर घर खाईल," हे म्हणले. बोलण्यात कवा हार जायचे न्हाईत.

तेवढ्यात गुरुपादप्पा आला. नव्या जिल्ह्याच्या एका हापिसात सामानाचा कारकून. कोणतं हापीस ते मी सांगत न्हाई, आमचं तिथं अजून जाणं-येणं हाय. माणूस निलंग्याकडचा, मराठी बोलता बोलता मधीच कानडी घुसवायचा. लातुरातले सगळे सुतार बाकीच्या हापिसांनी धरून ठेवले होते, म्हणून तो मशीनचा आवाज ऐकत रस्त्यानं आमच्याकडं आला.

"साहेबाला एक मोठं टेबल पायजे," तो म्हणला. "सागवान हापीस देईल, किनवटकडचा माल हाय. टेबल साहेबाच्या पसंतीला उतरलं तर तोच मंजूर नमुना. मग तालुक्या-तालुक्याच्या सगळ्या कचेऱ्यांची टेबलं तुमच्याकडं. न्हाई उतरलं तर राम राम."

मी चुलीपुढून ऐकून राहिले होते. सगळ्या कचेऱ्यांची टेबलं! म्हणजे वर्षभर काम. म्हणजे साखराबाई दारात आली तरी खडीचं भ्या न्हाई. मी लगेच चहा टाकला, गूळ जरा जास्तच घातला.

सागवान आलं. सगळ्या फळ्या एकाच मोठ्या झाडाच्या. आता आमच्या पांचाळांची एक रीत हाय. लाकडाला बुडखा असतो अन् शेंडा असतो. खांब उभा करताना बुडखा खाली. बाज, पलंग, पाट, काय बी करताना सगळे बुडखे एका अंगाला अन् सगळे शेंडे एका अंगाला. उलटसुलट लावलं तर घरात भांडण लागतं म्हणतात. आमच्या घरात सगळे बुडखे एकीकडंच हायत, तरी भांडणाचं काय कमी न्हाई. पण रीत म्हणजे रीत. हे मशीनवरबी प्रत्येक फळी आधी शेंड्याकडून घालायचे अन् बुडख्याकडून ढकलायचे.

अन् नेमका त्याच दिवसांत टँकर बंद पडला. कुठं म्हणे विहीर आटली, कुठं म्हणे डिझेल न्हाई. माझ्याकडं एक घागर उरली. हे तांब्या घेऊन आले.

"न्हाई मिळणार," मी म्हणलं अन् घागरीवर बसले. खरंच बसले, वर पाट ठेवून.

"सरजे, पाचर ढिली पडंल."

"पडू द्या. मी मेले तर तिलाच करा बायको."

मला आजबी त्याचं काय वाटत न्हाई. तुमी दिलं असतं का? हे पाय आपटत गेले, कोरड्याच पाचरी ठोकल्या अन् फळ्या कापायला लागले. आता काय होत होतं बगा. फळीचा शेंडा आत जाताना गाइड जागेवर असायची. फळीचा रेटा बसला की ती हळूहळू बाजूला सरकायची. बुडखा कापून होईस्तोवर बोटभर सरकलेली. हे पुन्हा पाचर ठोकायचे, पुन्हा दुसरी फळी. प्रत्येक फळी शेंड्याला अरुंद, बुडख्याला रुंद. मापून बघायचं का? छे! गुण्या म्हंजे काटकोन मापायचं हत्यार; "मपल्या डोळ्यातच गुण्या हाय," असं म्हणणाऱ्याला पट्टी कशाला पायजे? एकेक फळी बघितली तर बोटभराचा फरक कुणाला दिसणार? उलटसुलट लावल्या असत्या तर एकीचं कमी दुसरीनं भरून काढलं असतं. पण सगळे बुडखे एकीकडं, सगळे शेंडे एकीकडं! रीत पाळली.

टेबल तयार झालं. पॉलिश असं केलं होतं की तोंड दिसावं. मी पुसायला गेले अन् सहज वीत लावून बघितलं. मग पुन्हा बघितलं. मग ह्यांना हाक मारली.

"ओ, इकडच्या अंगापेक्षा तिकडचं अंग चार बोटं कमी हाय."

"तुझी वीत वाकडी असंल."

"मपली वीत वाकडी अन् तुमचा डोळा सरळ? पट्टी आणा."

पट्टी आणली. मापलं. आमचे उस्ताद खाली बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी हार मानलेली मी पहिल्यांदा बघितली. मला वाटलं होतं अशा वेळी लई मजा येईल. काहीच मजा आली न्हाई. डोळ्यांपुढं खडीचा ढीग दिसायला लागला.

लाकूड दुसरं नव्हतं, अन् टेंपो दारात उभा होता. "दिसत न्हाई कुणाला," हे बारीक आवाजात म्हणले. "हापिसात खोली मोठी असती." टेबल चढवलं. मीबी संगं बसले. लातूरपर्यंत मी रेणुकेला इतकं विनवलं, की तिचेबी कान किटले असतील.

हापिसात चौघा शिपायांनी टेबल आत नेलं. रुंद अंग साहेबाच्या खुर्चीकडं ठेवलं. मुद्दाम न्हाई, दारातून तसंच गेलं. गुरुपादप्पानं एक चक्कर मारली. मग कपाळाला आठ्या घालून दुसरी मारली. तेवढ्यात साहेब आले, जवान माणूस, इस्त्रीचे कपडे. ते आपल्या जागेवर बसले. दोन्ही कोपरं टेबलावर पसरली. समोरच्या अंगाला गुरुपादप्पाला अन् अजून दोघा कारकुनांना बसायला सांगितलं. चार बोटांनी काय होतं म्हणता? ते तिघं खांद्याला खांदा लावून, कागद मांडीवर घेऊन, अंग चोरून बसले. साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, मग टेबलाच्या दोन्ही कडा बघितल्या.

"हे कोणी केलं?" साहेबांनी विचारलं.

आमचे मालक मपल्या पाठीमागं झाले. एवढे धिप्पाड, अन् माझ्या पदराआड! मीच म्हणलं, "ह्यांनी केलं साहेब. चुकलं असंल तर..."

"चुकलं? अहो, फार विचार करून केलेलं दिसतंय. इकडून बघितलं की खोली मोठी वाटते. आणि समोरचा माणूस पसरून बसत नाही, आपसूक आवरून बसतो. कामाचं तेवढंच बोलेल आणि जाईल." साहेब खुर्चीत मागं रेलले. "डिझाइन कुठलं?"

"सोताचं," पाठीमागून आवाज आला. बगा! पाण्यात पडलेलं मांजर बाहेर आलं अन् लगेच मिशा चाटायला लागलं.

टेबलाच्या खाली कागद चिकटवला, त्याच्यावर शिक्का हाणला. मंजूर नमुना. आणखी चार टेबलांचं लाकूड लगेच द्यायचं ठरलं, ती झाली की तालुक्यांची. घरी येताना टेंपोत हे गाणं म्हणत होते. मला हसू येईना अन् रडू येईना, पण जीव हलका झाला होता हे खरं. दुसऱ्या दिवशी साखराबाई दारात आली तवा मी तिला बसवून चहा पाजला.

पण ते बाभळीचे शिकंजे मी आता घरात ठेवणार नव्हते. मधी एकदा पाचर उडाली, गाइड सुटली अन् करवतानं फळी अशी मागं फेकली की ह्यांच्या पोटाला काळानिळा डाग पडला. जरा वर लागली असती तर काय झालं असतं? मी मपल्या भावाला निरोप धाडला. रामकिशन मुदखेडला ऱ्हातो, रेल्वेच्या गँगमध्ये हाय. त्यानं भंगारवाल्याकडून जाड बोल्ट अन् लोखंडी अँगलचे तुकडे घेतले, ओळखीच्या वेल्डरकडून जोडून घेतले अन् बोल्टाच्या डोक्यात आडवी सळई घातली, हातानं पिळायला. खाली टेबलावर घसरू नये म्हणून जुन्या चपलेचा तळवा कापून चिकटवला. असे दोन शिकंजे पिशवीत घालून तो बसनं आला.

"दाजी, हे घ्या. पाणी लागत न्हाई ह्याला," रामकिशन म्हणला.

ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "मपल्या मशीनला साल्याची तरकीब? चपला लावलेला शिकंजा?"

"चपलेची किंमत समजंल असा डाग पोटावर हायच की," मी म्हणलं.

शिकंजे लावले, सळई पिळली. हातोडीनं हाणून बघितलं, गाइड केसभर हलली न्हाई. हे दोनदा बघून आले. मग कापायला बसले अन् त्या दिवसापासून ह्या माणसात काय फरक पडला, मला सांगता येणार न्हाई. पट्टी घेऊन मापायला लागले. ह्या टोकाला मापायचे, त्या टोकाला मापायचे, अन् दोन्हीकडं एकच आकडा आला की लहान लेकरासारखे मला हाक मारायचे. "सरजे, बघ! सूतभर फरक न्हाई." बढाई न्हाई मारली. तरकीब म्हणले न्हाईत, जर्मनी म्हणले न्हाईत. नुसतं बघ म्हणायचे. मी पीठ भरल्या हातानं जाऊन बघायची.

"साहेबाला पहिलं टेबल चुकून वाकडं गेलं," हे एका संध्याकाळी म्हणले. "साहेब भला माणूस, त्यानं गोड मानून घेतलं. पण आता त्याला खरं काम दाखवतो."

मलाबी ते पटलं. सरळ काम कुणाला नको असंल? चार टेबलं झाली, चारी कोन गुण्यात. खरं सांगते, ह्या हातांनी असलं काम होतंय हे मला माहीत नव्हतं. मी त्या टेबलांवरून हात फिरवला अन् पहिल्यांदा वाटलं, की बाई, ह्या माणसाच्या बढाईतलं निम्मं तरी खरं होतं.

गुरुपादप्पा माल बघायला आला. पट्टी काढली. एका अंगाला मापलं, दुसऱ्या अंगाला मापलं. मान हलवली.

"बेडा, बेडा!" तो म्हणला. कानडीत नको नको. "हे नमुन्याबरहुकूम न्हाई."

"काय न्हाई?" ह्यांनी विचारलं.

"नमुन्यात हे अंग चार बोटं कमी हाय. हे कमी न्हाई."

"अप्पा, ती चूक होती. मपल्या पाचरी ढिल्या होत्या. हे सरळ हाय, खरं टेबल असंच असतं."

"चूक कशी? खाली शिक्का हाय." गुरुपादप्पानं हे समजावून सांगावं तसं सांगितलं, रागानं न्हाई. "नरसिंगराव, मला तुमचं काम दिसत न्हाई का? लई बेस हाय. पण मी हे आत नेलं, तर साहेब विचारतील, नमुना एक अन् माल दुसरा कामून? मी काय सांगू, साहेब, तुमच्या पसंतीचं टेबल चुकीचं होतं म्हणून? मपली नोकरी जाईल. परवा टेंपो धाडतो. कमी करून ठेवा, न्हाईतर मला दुसरा सुतार बघावा लागंल."

तो गेला. हे टेबलाच्या कडंला हात लावून उभे राहिले.

"मी न्हाई कापणार," हे म्हणले.

"लाकूड तर हापिसाचं हाय."

"हात मपले हायत. चुकून वाकडं झालं ते झालं. जाणूनबुजून सरळ कामाला वाकडं कसं करू, सरजे? त्यापेक्षा मशीन विकतो."

इतकी वर्षं मी ह्या माणसाची टिंगल केली. फुशारक्या ऐकून कान किटले होते. अन् आज पहिल्यांदा तो खरं बोलला, खरा कारीगर बोलला, अन् मला त्याचं तोंड दाबावं वाटलं. लई राग आला. साहेबाचा आला, गुरुपादप्पाचा आला, त्या शिक्क्याचा आला, पण समोर एकच माणूस होता, तर त्याच्यावरच निघाला.

"विका! मशीन विका अन् मला खडीवर बसवा. तुमची मान ताठ राहू द्या, मपली कंबर मोडू द्या. साखराबाई सकाळी येतीच हाय, तिला सांगते नाव लाव म्हणून. तुमी तिथं बी या, दगड गुण्यात हाय का बघायला."

मी आत जाऊन टेबलाची वरची फळकुटी धरली. टेंपोत न्यायला सोपं जावं म्हणून स्क्रू काढलेलीच होती, पायांपासून सुटी होती. ओढत मशीनपाशी आणली. लई जड. अंगणभर घासत आणली.

"काय करून राहिलीस?"

"मीच कापते. बटण कुठं हाय मला ठाऊक हाय."

बटण दाबलं. करवत किंचाळायला लागलं. मी फळकुटी उचलून मशीनवर टेकवली, अन् कशी धरायची, कुठून ढकलायची काहीच कळंना. बोटं पार करवताजवळ गेली असतील. ह्यांनी येऊन मपला दंड धरला अन् मला बाजूला ओढलं. बटण बंद केलं. तोंड पांढरं पडलं होतं.

"हात जाईल की गं येडे."

मग पट्टी घेतली. पेन्सिल कानावरून काढली. चार बोटं मापली अन् ह्या टोकापासून त्या टोकाला तिरकी रेघ मारली, सरळ रेघेइतकीच नीट. वाकडी पट्टी करून फळकुटीला खिळली, म्हणजे फळकुटी गाइडला लागून तिरकी जाईल. गाइड जागेवर आणली. दोन्ही शिकंजे लावले अन् सळई गच्च पिळली, अजून पिळली. रामकिशनचा शिकंजा तो, हलायचं नावच न्हाई. सबंध वाकडं काम त्यानं असं घट्ट धरून ठेवलं, की चारी टेबलं एकसारखी वाकडी झाली, सूतभर फरक न्हाई. ह्या वेळी मला हाक मारून दाखवली न्हाईत.

प्रत्येक टेबलाची एक लांब चिरफळी निघाली, एका टोकाला चार बोटं रुंद, दुसऱ्या टोकाला नुसती काडी. मी त्या सगळ्या गोळा केल्या अन् सरपण म्हणून चुलीपाशी नेल्या. सागवान सुकं होतं, लगेच पेटलं. तव्यावर भाकरी अशी फुगली, की किती दिवसांत तशी फुगली नव्हती.

ताट वाढलं अन् हाक मारली. हे मशीनपाशी बसून राहिले, जेवायला आले न्हाईत. मी दोनदा बोलवलं. मग मी एकटीच बसले, अन् पोटभर जेवले.